पश्चात्तापाचे चार दिवस

आमच्या कचेरीत त्यांना सगळे चकाचकराव म्हणत. पाठीमागे, अर्थात. तोंडावर म्हणायची हिंमत फक्त माझी, कारण माझ्या नाकावर राग असतो आणि जिभेला हाड नाही, हे सगळ्यांनी केव्हाच मान्य करून टाकलेलं आहे. त्यांना कधी वाईट वाटलं नाही. उलट टेबलावरून बोट फिरवून दाखवायचे, "बघा बाई, सापडते का धूळ?" धूळ नसायचीच. टेबलावर संगणकाचा पडदा, कीबोर्ड, एक लांबट वही आणि एक पेन्सिल. जेवणाचा डबासुद्धा खणात.

आमची संस्था दृष्टी नसलेल्यांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. दुसऱ्या मजल्यावर तीन खोल्या. एकीत वाचक बसतात. तिच्या भिंतींना जाड फोम लावलेला आहे आणि दार ओढताना खांदा लावावा लागतो. दुसरीत मी. कानाला हेडफोन लावून दिवसभर ऐकायचं आणि चुका टिपायच्या: गाळलेली ओळ, पान उलटल्याचा आवाज, मध्येच आलेली ढेकर. एकोणीस वर्षं हे केल्यावर मला वाचक पोटाच्या गुरगुरीवरूनही ओळखता येतात. माझ्या कानांचा मला गर्व होता. तो कसा उतरला, तेही यात येईलच.

तिसऱ्या खोलीत चकाचकराव आणि त्यांची यंत्रं. रेकॉर्ड झालेलं सगळं तिथल्या ड्राइव्हवर जमा व्हायचं. प्रत्येक पुस्तकाला नंबर, आणि नंबर असलेल्या प्रत्येक गोष्टीची दुसरी प्रत कपाटातल्या ड्राइव्हवर. नंबर नसेल तर ते बेवारस. कुणी नव्या वाचकाची आवाज-चाचणी घेतलेली असायची, कुणी माइक तपासताना गाणं म्हटलेलं असायचं. हे बेवारस दर सोमवारी डिलीट करायचं काम माझं होतं.

आता थोडं यंत्राचं सांगते. कंटाळू नका, सगळं त्यावरच आहे. एखादी गोष्ट डिलीट केली की ती गेली असं आपल्याला वाटतं. ती जात नाही. फक्त दारावरचं नाव निघतं, सामान आत तसंच पडून असतं, त्या जागी दुसरं काही येईपर्यंत. जाणता माणूस बसला तर ते बाहेर काढू शकतो. पण अशा नावापुरत्या रिकाम्या जागा साचल्या की आमच्याकडचे नव्या पद्धतीचे ड्राइव्ह मंदावतात. म्हणून काळ्या पडद्यावर एका ओळीची कमांड द्यायची असते, तिला ट्रिम म्हणतात. ती ड्राइव्हला सांगते की या जागा आता कुणाच्या नाहीत, सोडून दे. ड्राइव्ह सोडून देतो. मग आतलं काही कुणालाही परत आणता येत नाही, अगदी चकाचकरावांनाही नाही.

हे आपोआप व्हायची सोय असते. त्यांनी ती मुद्दाम बंद ठेवली होती. ट्रिम ते स्वतःच्या हाताने करायचे, शुक्रवारी दुपारी बाराला. मी सोमवारी डिलीट करणार, ते शुक्रवारी ट्रिम करणार, आणि मधल्या दिवसांना ते पश्चात्तापाचे चार दिवस म्हणायचे. "माणूस आहे बाई," ते सांगायचे, "चुकणारच. चुकल्याचं कळायला त्याला चार दिवस द्यावेत. त्याहून जास्त दिले तर शेफारतो." एकदा मी एका पुस्तकाचा अख्खा नववा अध्याय उडवला होता आणि बुधवारी माझ्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी दीड तासात तो परत आणून दिला. आणि भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या बुधवारावर बोट ठेवलं.

ट्रिम झालं की किती जागा सुटली तो आकडा पडद्यावर येतो. तो ते मोठ्याने वाचायचे आणि वहीत पेन्सिलने लिहायचे. चेहरा असा व्हायचा, जणू घर झाडून-पुसून काढलं आणि आता पाय पसरून बसायला मोकळे.

या स्वच्छतेचं मूळ मला फार उशिरा कळलं, त्यांच्या ताईंकडून. आई-वडील लवकर गेले तेव्हा हे पाच वर्षांचे आणि ताई एकोणीस. एक खोली, त्यात शिलाई मशीन. ताई दिवसभर गणवेश शिवायच्या आणि रात्री मशीन भिंतीला सरकवून त्याच जागी अंथरूण पडायचं. एकदा जमिनीवर राहिलेली सुई या पोराच्या टाचेत मोडली. तेव्हापासून ताईंनी दोरीला एक लोहचुंबक बांधलं आणि रोज संध्याकाळी त्याच्याकडून ते सगळ्या जमिनीवरून फिरवून घ्यायला लागल्या. चुंबकाला किती सुया लागल्या ते मोजून सांगायचं, मगच जेवण. "खाली काही राहता कामा नये, धाकट्या," असं त्या म्हणायच्या आणि गॅलरीतून ओरडून विचारायच्या, "फिरवलंस का रे?" तो आवाज खालच्या दुकानापर्यंत जायचा. दुकानदार परस्पर उत्तर द्यायचा, "फिरवतोय हो!"

पन्नाशीला आले तरी चकाचकराव त्या बहिणीबरोबरच राहत होते. लग्न दोघांनीही केलं नाही. ताईंना विचारलं तर म्हणायच्या, "एक पोर आधीच वाढवून झालं, आणखी कुठे हौस." मी त्यांच्याकडे कपडे शिवायला टाकायचे. माप घेताना त्या इतकं बोलायच्या की मला श्वास कधी रोखायचा ते कळायचं नाही, आणि मग कोट घट्ट व्हायचा. जाडाभरडा, खणखणीत आवाज. घरमालकाशी भांडायलाही तोच आणि शेजारच्या बाळाला झोपवायलाही तोच.

मग त्या आवाजात खरखर आली. औषधं झाली, गुळण्या झाल्या, आणि शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की गाठ स्वरयंत्रावर आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. त्याच डॉक्टरांनी एक उपायही सांगितला. ऑपरेशनच्या आधी माणसाने ठरावीक सोळाशे वाक्यं रेकॉर्ड करून ठेवली तर त्यांतून एक प्रोग्राम बनवता येतो. पुढे त्याने टाइप केलं की मशीन त्याच्याच आवाजात बोलतं. आपल्या भाषेतही हे करता येत होतं, पण वाक्यं सगळी लागतात आणि खोली शांत लागते.

शांत खोली आमच्याकडे होती. चकाचकरावांनी मोठ्या साहेबांकडे लेखी अर्ज केला. दुपारची जेवणाची सुट्टी, फक्त तेवढाच वेळ, वाचकांना अडथळा न करता. साहेब म्हणाले, अर्ज कसला करताय, करा की. पण चकाचकरावांचं तसं नसतं. संस्थेची खोली वापरतोय याची त्यांना इतकी लाज वाटत होती की ती रेकॉर्डिंग त्यांनी बिननंबराच्या फोल्डरमध्ये ठेवली. घरच्या कामाला संस्थेचा नंबर कसा लावणार? आणि नंबर नाही म्हणून कपाटातली दुसरी प्रतही नाही. नियम त्यांचाच होता.

हे सगळं मी नंतर ऐकलं. तेव्हा मी कामावर नव्हते. माझी आई घरात पडून खुब्याचं हाड मोडलं होतं आणि मी महिनाभर रजेवर होते. सोमवारचं डिलीट करणं माझं, म्हणून महिनाभर ते कुणी केलंच नाही.

दारावरच्या मावशींनी मला त्या दुपारांचं पुढे सगळं सांगितलं. ताई तीन आठवडे रोज यायच्या. एका हातात डबा, दुसऱ्या हातात कोमट पाण्याची बाटली. प्रोग्रामवाल्यांनी दिलेली वाक्यं चमत्कारिक होती, सगळे उच्चार यावेत म्हणून जुळवलेली. "निळ्या पेटीत सात किल्ल्या आहेत." "छत्रीवाला झाडाखाली ठणठणीत उभा आहे." ताई वाचता वाचता हसायच्या, हसल्या की खोकला यायचा, खोकला आला की वाक्य पुन्हा. "हे मशीन माझ्या आवाजात भांडेल का रे?" त्यांनी विचारलं. चकाचकराव म्हणाले, टाइप करशील ते बोलेल. "मग आधी टायपिंग शिकव. भांडणात वेळ लागून चालत नाही."

सोळाशे वाक्यांनंतर शेवटी थोडी मोकळी जागा असते. माणसाने आपल्याला हवं ते स्वतःच्या शब्दांत बोलून ठेवायचं. ते मशीन जसंच्या तसं ऐकवतं. त्या गुरुवारी ताईंनी भावाला खोलीबाहेर काढलं. नुसतं बाहेर नव्हे, जिन्यापर्यंत पाठवलं आणि मावशींना बजावलं, याला इकडे फिरकू देऊ नका. चाळीस मिनिटं आत एकट्या बोलत होत्या. चकाचकराव जिन्याच्या पायरीवर डबा मांडीवर घेऊन बसले होते. ताई बाहेर आल्या तेव्हा घसा पार बसला होता आणि डोळे लाल होते. भावाकडे बघून म्हणाल्या, "झालं माझं बोलून. आता खुशाल कापू देत." ते इतक्यात ऐकायचं नाही, ऑपरेशननंतर मशीन आल्यावरच ऐकायचं, असं भावाकडून कबूल करून घेतलं. त्यांनी कबूल केलं. ऑपरेशन पुढच्या मंगळवारी होतं. फोल्डर घरी न्यायला त्यांनी एक छोटा नवा ड्राइव्ह आणून बॅगेत ठेवला होता, शनिवारी सावकाश उतरवून घेऊ म्हणून.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मी रजेवरून परत आले.

येताना मी वैतागलेलीच होते. महिनाभर आईची उशापायथ्याशी सेवा, वर तिचे टोमणे. इथे येऊन बघते तर ड्राइव्ह गळ्यापर्यंत भरलेला आणि माझी फाइल उघडायला अर्धं मिनिट लागतंय. माझ्या मनात आलं, चार आठवडे मी नाही तर यांनी उकिरडा केला. मी बेवारस फोल्डर उघडायला लागले. पंधरा-वीस होते. एकेक फाइल ऐकून बघायची माझी पद्धत आहे, ती मी त्या दिवशीही मोडली नाही. हेच तर माझ्या उरावर बसलंय. मी ते फोल्डर उघडलं, नाव म्हणून नुसती तारीख होती, आणि एक फाइल लावली. घसा बसलेली कुणी बाई म्हणत होती, "निळ्या पेटीत सात किल्ल्या आहेत." मला वाटलं, आवाज-चाचणी. कुणी नवी वाचक. असल्या खरखरत्या घशाने पुस्तक वाचायला निघाल्या आहेत, धन्य आहे. नापास. मी डिलीट केलं.

ज्या बाईने माझी एवढी मापं घेतली, तिचा आवाज मला ओळखू आला नाही. एकोणीस वर्षं ऐकण्याचा पगार घेते मी.

आणि सोमवार नाही, शुक्रवार आहे, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. म्हणजे आलं, पण असं आलं की चार आठवड्यांचं काम तुंबलंय, लवकर उरकलेलं बरं. चकाचकरावांना सांगायला उठले, तर ते फोनवर होते. दवाखान्यातून फोन होता. एक खाट रिकामी झाली आहे, डॉक्टरांना सोमवारपासून बाहेर जायचं आहे, आजच दाखल व्हा, ऑपरेशन उद्या सकाळी. ते उभ्या उभ्या "हो, हो" म्हणत होते आणि दुसऱ्या हाताने टेबलावरची नसलेली धूळ पुसत होते. मी परत जाऊन बसले.

पावणेबारा झाले होते. ते तसेच निघाले असते तर! बॅग खांद्याला अडकवली होती, तो नवा ड्राइव्ह बॅगेतच होता. फोल्डर उतरवून घ्यायला बसले असते तर ते नाहीये हे तेव्हाच कळलं असतं. पण शुक्रवार होता, आणि ते आठ-दहा दिवस येणार नव्हते, आणि ड्राइव्ह रखडत होता. काम अर्धवट टाकून जाणं त्यांच्या रक्तात नाही. उभ्यानेच कमांड टाइप केली आणि एंटर दाबलं. ताईंना दवाखान्यात न्यायचंय एवढं फोनवरून माझ्या कानावर आलं होतं; मी दारातून बघत होते. आकडा आला तो नेहमीच्या पाच-सहा पट. त्या घाईतही ते हसले.

"काय बाई, महिनाभर साचवून ठेवलं होतंत की!"

"मी कशाला साचवू? तुमच्याच लोकांनी केलंय," मी म्हटलं. "निघा आता, ताई वाट बघत असतील."

त्यांनी वहीत आकडा लिहिला आणि गेले. महिनाभर मी रजेवर होते, त्या दिवशी सोमवारही नव्हता, मग एवढं सुटलं कशातून, हा प्रश्न त्यांच्यासारख्या माणसाला पडायला हवा होता. त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. माझं होतं, पण मला अक्कल नव्हती.

ते परत आले ते दहा दिवसांनी, सोमवारी. ऑपरेशन चांगलं झालं होतं. दाढी वाढलेली, पण शर्टाला इस्त्री. मावशींना, मला पेढ्यासारखी बातमी दिली, ताई उठून बसतात, पातळ पातळ खातात. मग आपल्या खोलीत गेले. पाच मिनिटांनी माझ्या दारात उभे राहिले. मी एक कान हेडफोनमधून मोकळा केला.

"बाई, एक बिननंबरचं फोल्डर होतं. तारखेच्या नावाचं."

"ते होय? मी काढलं."

त्यांचा चेहरा क्षणभर उतरला, आणि मग, देवा, उजळला. "आज काढलंत ना? सोमवार आहे आज. काही हरकत नाही, आणतो मी परत. त्यात ताईचा आवाज आहे."

मी दोन्ही कान मोकळे केले. 

"आज नाही हो. त्या शुक्रवारी. तुम्ही दवाखान्यात गेलात त्या दिवशी. सकाळी."

"शुक्रवारी," ते म्हणाले. "बाराच्या आधी?"

"अकराच्या सुमारास."

ते दाराच्या चौकटीला हात लावून उभे राहिले. मी म्हणायला लागले की तो नववा अध्याय आणला होतात तसा आणा ना, काहीतरी करता येत असेल ना, तुम्हाला येतं सगळं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, समजूत घालणाऱ्या माणसाने बघावं तसं.

"नुसतं डिलीट असतं तर आणलं असतं, बाई. मी ट्रिम केलं ना."

तुम्ही डिलीट केलंत असं ते म्हणाले नाहीत. मी ट्रिम केलं असंच म्हणाले, तेव्हाही आणि नंतरही. मला एकदा तरी चार शब्द सुनावायला हवे होते त्यांनी. मी लायक होते त्या शब्दांना. मी घरी जाऊन तेच शब्द स्वतःला सुनावते, पण स्वतःच्या तोंडून ते लागत नाहीत.

तरीही त्यांनी बघितलं. ड्राइव्ह आतून जसा असतो तसा दाखवणारं एक साधन असतं. ते लावून बसले. जिथे काही असतं तिथे अंक-अक्षरांची गर्दी दिसते. जी जागा सुटलेली असते तिथे शून्यं. पडदाभर शून्यं, खाली सरकवलं की पुन्हा शून्यं. दुपारपासून संध्याकाळपर्यंत ते सरकवत होते. काय दिसणार हे साऱ्या कचेरीत त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. मी दोनदा चहा ठेवला, दोनदा गार झालेला उचलला. दुसऱ्या दिवशी साहेबांची परवानगी घेऊन तो ड्राइव्ह एका तज्ज्ञाकडे नेला. तज्ज्ञाने पहिला प्रश्न विचारला, ट्रिम झालंय का. हो म्हटल्यावर त्याने ड्राइव्ह हातातसुद्धा घेतला नाही.

घरी काहीच नव्हतं. चकाचकरावांच्या फोनमध्ये ताईंचे बोललेले निरोप येत असत, ते हे रोज संध्याकाळी पुसून टाकायचे. खाली काही राहता कामा नये. सापडला तो एकच, माझ्या फोनमध्ये, आजारपणाच्या आधीचा. "बाई, ताई बोलतेय. कोट काखेत उसवलाय. अस्तर बदलू का, सांगा." सहा सेकंद, मागे शिलाई मशीनची घरघर. मी तो त्यांना पाठवला. प्रोग्रामवाल्यांनी नाकारला, यातून काही होत नाही म्हणाले. चकाचकरावांनी मग तो तीन वेगवेगळ्या ड्राइव्हवर ठेवला आणि तिसऱ्याला कागदात गुंडाळून कपाटात कुलपात घातलं. सहा सेकंदांच्या तीन प्रती.

खोटं बोलणं त्यांना जमत नाही. त्या सोमवारी संध्याकाळीच त्यांनी ताईंना सांगून टाकलं होतं. ताई आता बोलायच्या ऐवजी पाटीवर लिहायच्या; त्यांनी लिहिलं, "जाऊ दे." मग पुसून लिहिलं, "जेवलास का?" हे त्यांनी मला सांगितलं आणि लहान मुलासारखे रडले. पन्नाशीचा माणूस त्या चकाचक टेबलावर डोकं टेकून रडत होता. मी पाठीवर हात ठेवायला गेले आणि ठेवू शकले नाही. कोणत्या तोंडाने ठेवणार?

शुक्रवारचं ट्रिम त्यांनी सोडलं. बारा वाजले की कमांड टाइप करायचे, एंटरवर बोट न्यायचे, आणि उठून पाणी प्यायला जायचे. ड्राइव्ह मंदावला, वाचक कुरकुरायला लागले. शेवटी साहेबांनी ते आपोआप होण्याची सोय चालू करून टाकली. आता ते रोज पहाटे होतं, कुणी नसताना. वही बंद झाली. चार दिवसही गेले, आता कुणाला एक दिवससुद्धा मिळत नाही. टेबलावर धूळ दिसायला लागली. मी एकदा बोटाने दाखवली, चिडवायला म्हणून, जुन्या सवयीने. ते "हो" म्हणाले आणि तशीच राहू दिली.

तीन महिन्यांनी निरोप आला, तुमचा कोट तयार आहे. निरोप ताईंनी टाइप केलेला होता. मी टाळत होते, पण किती दिवस टाळणार. रविवारी सकाळी गेले.

दार चकाचकरावांनी उघडलं. तीच खोली, आता तिला जोडून आणखी एक, पण मशीन तिथेच खिडकीपाशी. ताई वाळल्या होत्या. गळ्याला पातळ रुमाल, त्याखालून श्वासाचा बारीक आवाज. मला बघून हसल्या. हसण्याला आवाज नव्हता. मी गळ्यात पडून रडायचं ठरवून गेले होते, माफी मागायची वाक्यंसुद्धा जुळवली होती. त्यांनी मला बोलू दिलंच नाही. टेप काढली आणि माझे दोन्ही हात वर करायला लावले. भावाला हाक मारायची होती तेव्हा कात्रीने टेबलावर दोनदा वाजवलं. ते आतल्या खोलीतून कोट घेऊन आले.

कोट अंगात घातला. ताई मागून शिवण बघत होत्या.   आणि मग चकाचकरावांनी विचारलं. मला वाटतं, घरात तिसरं माणूस होतं म्हणूनच त्यांना धीर झाला.

"ताई, एक विचारू? त्या गुरुवारी. तू मला जिन्यात बसवलंस तेव्हा." ते थांबले. "काय बोललीस गं तू?"

ताई माझ्या पाठीमागून पुढे आल्या. खुर्चीवर बसल्या. पाटी मांडीवर घेतली, पेन्सिल उचलली. मी म्हटलं, मी निघते, नंतर येते. त्यांनी हाताने मला थांबवलं, शिवण अजून बघायची होती. पेन्सिल पाटीवर टेकवली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली. आम्ही दोघं त्या टोकाकडे बघत होतो. चाळीस मिनिटांचं बोलणं एवढ्याशा पाटीवर कुठून सुरू करायचं, हे मलाही कळत नव्हतं. मग त्यांनी लिहिलं. अक्षर मोठं, शाळकरी.

"ते बोलायचं होतं रे धाकट्या. लिहिण्यासारखं नाही."

चकाचकरावांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. ताईंनी पदराचा कोपरा पाटीवर ठेवला, त्यांना पुढचं लिहायला जागा हवी होती.

"पुसू नकोस," ते म्हणाले, आणि हात पुढे केला.

तोवर पुसून झालं होतं. ताईंनी त्या जागी माझ्यासाठी लिहिलं, "काखेत घट्ट होतोय का?"

मी नाही म्हटलं. होत होता.